पट्टीवरची शेवटची खूण

"बाजूला व्हा! बाजूला व्हा! कपाट येतंय!" तुफान ओरडली, आणि कपाट यायच्या आधी तीच दारावर येऊन आदळली.

"कपाट येऊ दे गं, तूच जरा कमी ये," वकील म्हणाला.

सुट्टी लागून चार दिवस झाले होते. शाळेची जुनी प्रयोगशाळा रिकामी करून सगळं सामान नव्या इमारतीत न्यायचं होतं. "कोण येईल मदतीला?" असं नव्या मॅडमनी विचारलं, तेव्हा आठवीतल्या या तिघांनी हात वर केले होते. तुफान म्हणजे जिच्या वाटेत स्टूल, टेबल, माणूस काहीही आलं तरी ते पडणारच, अशी मुलगी. वकील म्हणजे "कशावरून?" असं विचारल्याशिवाय ज्याला घास उतरत नाही, असा मुलगा. आणि तिसरी मुंगी. वर्गात सगळ्यांत बुटकी, पण एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की सोडायचं नाव नाही!

मुंगीचा हात वर आलेला पाहून मॅडमनी 'तू नक्की येशील?' असं दोनदा विचारलं होतं. कारण ही प्रयोगशाळा एकवीस वर्षं तिच्या बाबांची होती. ते शाळेचे रसायनचे सर. मागच्या वर्षी थंडीत याच टेबलावर त्यांनी जस्ताच्या खड्यांवर विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं. विरल म्हणजे भरपूर पाणी घातलेलं, सौम्य. दरवर्षी ते हा प्रयोग करायचे आणि दरवर्षी मंद बुडबुडे यायचे. त्या दिवशी मात्र फस्सकन फेस उसळून बाहेर आला! सरांनी पुढच्या मुलाला ढकलून मागे सारलं, तरी त्याची दोन बोटं भाजलीच. तो मुलगा तुफानचा मोठा भाऊ.

दहा मिनिटांत चौकशी झाली. 'द्रावण तयार करताना शिक्षकांचा हिशेब चुकला,' असं मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, अपघाताच्या रजिस्टरात लिहिलं. बाबांना घरी बसवलं. चार महिन्यांनी, एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच, बाबा गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. आई काहीच म्हणाली नाही.

"ऐका, ऐका!" वकील जुन्या सूचनावह्यांचा गठ्ठा कडेवर घेऊन मोठ्या सरांच्या आवाजात वाचू लागला. "'मैदानावर शिट्टी फक्त शिट्टी-प्रमुखानेच वाजवावी!' आणि ही बघा. 'परवा तपासणीसाठी पाहुणे येणार आहेत. प्रयोगशाळेच्या मांडणीवर एकही अर्धी बाटली दिसता कामा नये! सर्व बाटल्या काठोकाठ भरलेल्या दिसाव्यात!' अरे, बाटल्या आहेत की शाळेचं बँडपथक?"

तुफान खो खो हसली. हसता हसता तिचा खांदा कपाटाला लागला, आणि कपाटाची मागची फळी धाडकन खाली आली.

"झालं! मुहूर्त झाला!" वकील म्हणाला.

पण मुंगी हसली नाही. ते कुलूपबंद कपाट होतं. त्याच्या काचेतून आजवर सगळ्यांना एकच बाटली पुढून दिसायची. तिच्यावर लाल कागद होता, 'अपघाताची बाटली. हात लावू नये.' आज कपाट भिंतीपासून ओढलेलं होतं, फळी पडलेली होती, आणि ती बाटली पहिल्यांदाच मागून दिसत होती.

मागच्या बाजूला कागदाची एक अरुंद पट्टी उभी चिकटवलेली होती. पट्टीवर पेन्सिलीच्या बारीक आडव्या रेघा. प्रत्येक रेघेपुढे मिलिलिटरचा आकडा आणि तारीख.

"बाबांचं अक्षर," मुंगी म्हणाली.

"ही कसली पट्टी?" तुफानने विचारलं.

"ते वापरून झालं की पातळीवर रेघ मारायचे. किती उरलं, कळावं म्हणून. आमच्या घरात तेलाच्या बाटलीलासुद्धा पट्टी होती. आई चिडायची. 'हे स्वयंपाकघर आहे, तुमची लॅब नाही!' म्हणायची." मुंगी बोलता बोलता थांबली. ती वाकून बघत होती. "वकील, शेवटची रेघ कुठाय?"

"दोनशेवर. तारीख..." वकिलाने डोळे बारीक केले. "अपघाताच्या तीन दिवस आधीची."

"आणि आम्ल कुठपर्यंत आहे?"

तिघंही आणखी खाली वाकले. आम्ल साडेतीनशेच्या रेघेवर होतं.

"म्हणजे वापरल्यावर आम्ल वाढलं?" तुफान म्हणाली. "आमच्या घरी बिस्किटं कमी होतात, वाढत कधीच नाहीत!"

"कुणीतरी वरून ओतलं," मुंगी म्हणाली. "बाबांनी रेघ मारल्यानंतर."

वकील खाली बसला आणि त्याने सूचनावही पुन्हा उघडली. यावेळी त्याने आवाज काढला नाही. 'एकही अर्धी बाटली दिसता कामा नये' या सूचनेखाली जी तारीख होती, ती पट्टीवरच्या शेवटच्या रेघेचीच होती.

"परवा तपासणी, म्हणजे त्यानंतर दोन दिवसांनी. आणि तिसऱ्या दिवशी अपघात," तो हळूच म्हणाला. "मुंगे, तुझ्या बाबांचा..."

"थांब," मुंगी म्हणाली. "तू नेहमी विचारतोस ना, कशावरून? आता मला विचार. पाणीही ओतलं असेल कुणी."

ही मुलगी अशीच होती. रडू गळ्याशी आलेलं, आणि तरी पुरावा हवा! बाबांचीच शिकवण ती. त्यांनी मुलांसाठी एक छोटी पुस्तिका काढली होती, खिशात मावेल एवढी. अपघातानंतर मोठ्या सरांनी ती शाळेत वाटणं बंद केलं. एक मोल म्हणजे किती कण, एक मोल वायू किती लिटर जागा घेतो, कुठल्या आम्लाची घनता किती, कुठलं सूत्र कुठे वापरायचं, सगळं त्यात. मागे प्रयोगशाळेचे बारा नियम. वास घ्यायचा तर नाक बाटलीवर नेऊ नका, हाताने वारा घ्या. पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी कधीच नको. मुंगीला हे नियम पाढ्यांच्या आधी पाठ होते. आणि शेवटचा, बारावा नियम असा होता: उत्तर चुकलं, तर आधी स्वतःकडे बघा.

त्या बाराव्या नियमाचा मुंगीला आता राग यायचा. बाबा चार महिने फक्त स्वतःकडे बघत बसले होते. रोज वही उघडून तेच सूत्र, तोच हिशेब. संहत म्हणजे कडक, आणि मोलर हे त्या कडकपणाचं माप. बारा मोलरचं संहत आम्ल, त्यातून दोन मोलरचं पाचशे मिलिलिटर विरल आम्ल करायचं. बारा गुणिले किती, बरोबर दोन गुणिले पाचशे? उत्तर ८३.३ मिलिलिटर. रोज तेच उत्तर यायचं, आणि रोज ते आईला विचारायचे, "मग माझं चुकलं कुठे गं?" ती बाटली एकदा बघू द्या, असं त्यांनी शाळेला दोनदा लिहिलं होतं. दोन्ही वेळा 'सवडीने बघू' असं उत्तर आलं.

"आणि उद्या सकाळी नऊला ही सगळी जुनी रसायनं न्यायला टेम्पो येणार आहे!" तुफान एकदम ओरडली. "बाटली गेली तर?"

"तर बाबा कायमचे चुकलेले राहतील," मुंगी म्हणाली.

नव्या मॅडम शेजारच्या खोलीत यादी करत होत्या. तिघं धावत गेले आणि तिघंही एकदम बोलू लागले. मॅडमनी हात वर केला. "एकेकाने! आणि आधी सांगा, बाटलीला कुणी हात लावला का?"

"नाही मॅडम. उघडायचीसुद्धा नाही," मुंगी म्हणाली. "न उघडता कळेल. मला फक्त नवा वजनकाटा हवाय."

"वजनावरून आम्ल कळतं?" वकिलाने विचारलं. "कशावरून?"

मुंगीने दप्तरातून बाबांची पुस्तिका काढली. कोपरे दुमडलेले, पानांवर डाग. "हे बघ. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान. आम्ल जितकं कडक, तितकं ते जड. दोन मोलरची घनता १.०३. सात मोलरची १.११. बारा मोलर म्हणजे संहत, १.१८. साडेतीनशे मिलिलिटर विरल आम्लाचं वजन तीनशे एकसष्टच्या आसपास भरायला हवं. जास्त भरलं, तर आत कुणीतरी संहत ओतलंय."

मॅडमनी पुस्तिकेचं पान उलटलं. "हे तुला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं आणि लगेच ओठ चावला. "मोठ्या सरांना आपण सांगूया," त्या म्हणाल्या.

"सांगून ते ऐकणार नाहीत, मॅडम," वकील म्हणाला. "'झालं गेलं' म्हणतील आणि टेम्पो आजच बोलावतील. त्यांनी स्वतःच आकडा वाचला पाहिजे, आणि सहीही केली पाहिजे. मग बघू, स्वतःच्या सहीला कसे नाही म्हणतात!"

"ते इथे येतील कशाला?"

तुफान खुदकन हसली. "मॅडम, नव्या काट्याचं उद्घाटन झालंय का?"

मोठ्या सरांना उद्घाटनाची भारी हौस! नव्या नळाचंसुद्धा त्यांनी फीत कापून उद्घाटन केलं होतं. मॅडमनी कपाटाची किल्ली मागवून घेतली, हातमोजे आणि चष्मा चढवला, आणि ती बाटली स्वतः उचलून काट्याशेजारी ठेवली. मुलांना चार पावलं मागे उभं केलं. मुंगीने तशाच चार रिकाम्या बाटल्या शोधून काढल्या. लाल कागद झाकला जावा म्हणून वकिलाने सगळ्यांवर बुडापर्यंत येणाऱ्या वर्तमानपत्राच्या टोप्या चढवल्या. तुफानला फक्त एक काम दिलं, कशालाही हात लावायचा नाही. तिने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

मोठे सर चारच्या सुमाराला आले. त्यांच्या मागून लॅबमामा. हे प्रयोगशाळेचे जुने मदतनीस, वीस वर्षं मुंगीच्या बाबांबरोबर काम केलेले. मुंगीला बघून त्यांनी मान खाली घातली.

"वा वा! चुणचुणीत मुलं!" मोठे सर म्हणाले. "काय करायचं मी?"

"सर, तुम्ही आकडे वाचायचे. मी रजिस्टरात लिहितो, मग तुमची सही," वकील अदबीने म्हणाला.

आधी चार रिकाम्या बाटल्या झाल्या. "चारशे बारा! चारशे नऊ! चारशे चौदा! पुन्हा चारशे बारा!" मोठे सर रंगात आले होते. मग मुंगीने एका रिकाम्या बाटलीत मोजपात्राने बरोबर साडेतीनशे मिलिलिटर पाणी ओतलं. "सातशे बासष्ट!" शेवटी मॅडमनी टोपी घातलेली बाटली दोन्ही हातांनी अलगद काट्यावर ठेवली.

"आठशे!" मोठे सर म्हणाले. "बरोब्बर आठशे! कसा छान आकडा आला!" आणि त्यांनी ऐटीत सही ठोकली.

"सर, या बाटलीतही साडेतीनशे मिलिलिटरच आहे," मुंगी म्हणाली. "रिकामी बाटली साधारण चारशे बारा. उरले तीनशे अठ्ठ्याऐंशी. भागिले साडेतीनशे. किती, सर?"

मोठे सर मूळचे गणिताचे. "एक पूर्णांक अकरा," त्यांनी तोंडी सांगितलं.

"काचेत पाच ग्रॅमचा फरक धरला, तरी विरल आम्लाचे तीनशे एकसष्ट होत नाहीत. म्हणजे आत सात मोलरच्या आसपास आहे. असायला हवं होतं दोन मोलर." मुंगीने टोपी काढली.

लाल कागद दिसला. मोठ्या सरांचा चेहरा पडला. "हा काय पोरखेळ चालवलाय? मॅडम, तुम्ही यात..."

"म्हणजे सरांचा हिशेब चुकलाच होता की!" मोठे सरच पुढे म्हणाले. "हेच तर आम्ही लिहिलं."

"नाही, सर!" वकील पुढे झाला. "बाटली मागून बघा. शेवटची खूण दोनशेवर. तोपर्यंत याच बाटलीतून चार वेळा आम्ल काढलंय, पाचशेपासून खाली चार खुणा आहेत. तेव्हा एकदाही फेस उसळला नाही. मग दोनशेचे साडेतीनशे झाले कसे? आणि सर, त्याच तारखेची ही तुमची सूचना. वाचू?"

"नको," मोठे सर म्हणाले.

त्यांनी वहीवर हात ठेवला.

"मी ओतलं," मागून कुणीतरी म्हणालं.

लॅबमामा भिंतीला टेकून उभे होते. "तपासणीच्या आदल्या दिवशी. मांडणीवर ही अर्धी बाटली होती आणि कपाटात संहतची एक अर्धी उरली होती. दोन्हींवर नाव तेच, हायड्रोक्लोरिक. म्हटलं, एकाची भर दुसऱ्यात टाकू, एक तरी भरलेली दिसेल. सरांना सांगायचं राहिलं. त्या आठवड्यात त्यांना सडकून सर्दी होती, नाहीतर वासावरून त्यांनी ओळखलं असतं. प्रयोगाच्या दिवशी आम्ल मीच वेगळ्या भांड्यात काढून दिलं, म्हणून बाटलीची पट्टी त्यांनी पाहिलीच नाही. अपघात झाला त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं. पण नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो. मग रोज वाटायचं, उद्या सांगू."

"तुम्ही आमच्या घरी आला होता," मुंगी म्हणाली. "तीनदा. मी खिडकीतून बघितलं होतं. फाटकापर्यंत यायचात आणि परत जायचात."

"हो बाळा."

"मग आत का नाही आलात?" आता मात्र मुंगीचा बांध फुटला. "बाबा तेव्हा होते! आतल्या खोलीतच बसलेले असायचे! तुम्ही एक वाक्य बोलला असतात ना मामा, एकच वाक्य, तर ते नीट जेवले असते. झोपले असते. त्यांना वाटायचं, त्यांनीच त्या दादाची बोटं भाजली. जाईपर्यंत त्यांना तसंच वाटत होतं!"

लॅबमामांनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मुंगीला त्यांची दयाही आली आणि त्यांच्याकडे बघवेनाही. तुफानने पाठीमागचे हात सोडले आणि मुंगीला घट्ट मिठी मारली. या वेळी काहीही पडलं नाही.

"माझा दादा पहिल्यापासून सांगत होता," तुफान रडत रडत म्हणाली. "सरांनी ढकललं म्हणून माझे डोळे वाचले, असं. पण त्याला कुणी विचारलंच नाही."

मोठ्या सरांनी चष्मा काढला. वाकून त्यांनी त्या पेन्सिलीच्या रेघा एकेक करून मोजल्या. मग म्हणाले, "मामा, बाटली तुम्ही भरलीत, पण भरायला मी लावली. आणि दहा मिनिटांत चौकशी आटपणाराही मीच." त्यांनी अपघाताचं रजिस्टर मागवलं. जुनी ओळ खोडली आणि खाली सावकाश लिहिलं: 'शिक्षकांचा हिशेब बरोबर होता. चूक शाळेची होती.' खाली सही केली. यावेळी सही ऐटीत नव्हती.

"शाबास, मुलांनो," ते म्हणाले. "तुम्ही आज मला धडा शिकवलात. ही पुस्तिका मी बंद केली होती ना? शाळा उघडली की ती प्रत्येक मुलाच्या हातात जाईल, सरांच्या नावानिशी." मग ते मुंगीपुढे किंचित वाकले. "तुझ्या आईला मी स्वतः येऊन सांगतो. आज, आत्ता. चालेल?"

मुंगीने मान हलवली. मॅडमनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या बाबांना किती अभिमान वाटला असता," त्या म्हणाल्या. सगळे असंच म्हणत होते. मुंगीला ते खरंही वाटत होतं, आणि म्हणूनच जास्त रडू येत होतं.

मोठे सर येऊन गेले, तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. ते बोलत असताना आई ताठ उभी होती. ते गेल्यावर तिने दार लावलं, बाबांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि एकदाच म्हणाली, "ऐकलंत का?" मग ती खाली बसून खूप रडली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

मुंगीने टेबलावरची बाबांची वही उघडली. शेवटच्या पानावर तोच हिशेब होता, बारा गुणिले किती, बरोबर दोन गुणिले पाचशे. खाली उत्तर, ८३.३. आणि त्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह, दोनदा गिरवलेलं.

ती लहान असताना बाबा तिची गणितं तपासायचे, तेव्हा बरोबर उत्तरापुढे एक मोठी खूण करायचे, पानाच्या कडेपर्यंत जाणारी. मुंगीने लाल पेन्सिल घेतली. प्रश्नचिन्ह तिने खोडलं नाही. त्याच्या शेजारी तिने तशीच खूण केली, पानाच्या कडेपर्यंत.

मग पुस्तिका उघडून तिने बाराव्या नियमाखाली आपल्या अक्षरात तेरावा लिहिला: स्वतःकडे बघून झालं, की बाटलीकडेही बघा. आणि सोबत कुणालातरी बोलवा.